प्रेक्षक कोणी नाही : घरच्या नाताळच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. चारांपैकी पहिली जांभळी मेणबत्ती लागली आणि जेवण झाल्यावर हात सुकेपर्यंत पानांवरच बैठक झाली. यंदाच्या नाताळचं जे ठरलं ते लिहून ठेवते, म्हणजे डिसेंबरच्या धावपळीत कोणी विसरणार नाही.

भेटी विकत आणायच्या नाहीत. चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या चिठ्ठीत जे नाव, त्याने त्या माणसासाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं, आणि ते शोभेचं नको, वापरातलं हवं. मला सासूबाई आल्या. नवऱ्याला पुतण्या आला. बाकीचे तोंड उघडायला तयार नाहीत.

गाणी घरातल्यांनीच म्हणायची. स्पीकर बंद.

हसण्याचा कार्यक्रम हवा, यावर सगळ्यांचं एकमत. कसा, यावर नाही. दीर म्हणाले नकला, लेक म्हणाली प्रश्नमंजुषा, जाऊबाई म्हणाल्या हाउजी, म्हणजे पुकारलेले आकडे आपल्या तिकिटावर खोडत जायचा खेळ. हाउजी वसईत प्रत्येक पार्टीत असते, त्यामुळे आधी कोणी ती मनावर घेतली नाही. पण जाऊबाईंचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं: नकला एक जण करतो आणि सात जण बघतात, हाउजीत सगळ्यांच्या हातात तिकीट असतं.

ते ऐकल्यावर प्रकल्पाचा नियम आपोआप सापडला. घरात प्रेक्षक कोणी नको. आम्ही आठ जण: सासूबाई, आम्ही दोघं, लेक, दीर, जाऊबाई, आठ वर्षांचा पुतण्या आणि दुबईहून फोनवर नणंद. आठही जणांना काम असलं पाहिजे. सासूबाईंना खुर्चीत बसवून ‘तुम्ही फक्त ऐका’ म्हणायचं नाही, आणि नणंदेचा फोन कपाटाला टेकवून तिला छत दाखवायचं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सण घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यावरून जाता कामा नये.

मंगळवार, २ डिसेंबर

गाण्यांची निवड आणि पट्ट्या.

पेटीवर मी. गिटार लेकीची. तिला तीन कॉर्ड व्यवस्थित येतात: जी, सी, डी. सासूबाईंचा आवाज खालचा आहे, पण सूर पक्का. त्यांना वर ओढायचं नाही, बाकीच्यांनी खाली यायचं.

‘सायलेंट नाइट’ हे शांत रात्रीचं, जगभर गायलं जाणारं ऑस्ट्रियातलं गीत आधी घेतलं, कारण त्याचा जन्मच आमच्यासारख्या तुटपुंज्या वाद्यमेळात झाला. जोसेफ मोर या तरुण पाद्रीने त्याचे शब्द १८१६ मध्ये लिहिले होते. १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ते त्याने फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराकडे नेले आणि दोन आवाजांना आणि गिटारीला जमेल अशी चाल मागितली. त्याच रात्री साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोघांनी ते म्हटलं, गिटार मोरच्याच हातात. लेकीला हे सांगितल्यावर ती आपली गिटार चर्चच्या ऑर्गनपुढे कमी समजायची थांबली.

या गाण्याची अडचण अशी की ते वाटतं सोपं, पण पसरलेलं आहे. सुरुवात पंचमाच्या आसपास, शेवट सा वर, आणि मध्ये एकदा थेट तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढतं. मूळ स्वर डी, म्हणजे पेटीची पांढरी दोन. त्या पट्टीत तो मध्यम सासूबाईंना झेपत नाही. काळी एक, पांढरी एक करत उतरत गेलो. खालच्या पांढरी पाचला त्यांचा चेहरा खुलला. पांढरी पाच म्हणजे जी, आणि गाण्याला लागणारे कॉर्ड म्हणजे सा, म आणि प यांवरचे, म्हणजेच जी, सी आणि डी. आजी आणि नात एकाच पट्टीवर भेटल्या. यापेक्षा चांगली सुरुवात मागून मिळाली नसती.

घुंगरांच्या घोडागाडीचं गाणं, ‘जिंगल बेल्स’, पुतण्याला हवंच आहे. ते घेतलं. जेम्स पियरपाँट या अमेरिकन संगीतकाराचं हे गाणं १८५७ मध्ये छापलं गेलं आणि त्यात नाताळचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आहे ती बर्फातली शर्यत आणि उलटलेली गाडी. पुतण्याने लगेच विचारलं, ‘मग आपण आपल्या रिक्षेवर का नाही करत?’ काम त्यालाच दिलं. २० तारखेपर्यंत दोन कडवी हवीत.

शनिवार, ६ डिसेंबर

आजचा दिवस घुमटाचा.

नवऱ्याने पुतण्यासाठी घुमट करायचं ठरवलं आहे. पोरगा दिवसभर टेबल, डबे, बादल्या वाजवत असतो, तेव्हा हे वाद्य त्याच्या हातात जाणं योग्यच. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नांत घुमट वाजतं, आणि गोव्यात तर २०१९ मध्ये सरकारने त्याला वारसा वाद्याचा मान दिला. मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी तोंडं: एक रुंद, एक अरुंद. रुंद तोंडावर कातडं ताणायचं, अरुंद उघडं ठेवायचं.

पूर्वी कातडं घोरपडीचं असे. घोरपड आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि तिला मारणं हा गुन्हा आहे, म्हणून गोव्यातही बकऱ्याचं कातडं वापरतात. ते जरा जाड, आवाज किंचित बसका. आम्हाला चालेल. एका गाण्यासाठी घोरपडीचा जीव जाऊ नये, हे पुतण्यालाही समजावून झालं. त्याला ते मोठ्यांपेक्षा लवकर पटलं.

भांडं ओळखीच्या कुंभारदादांना चित्र काढून देऊन आधीच करून घेतलं होतं. भाजलेलं, टिचकी मारली की खणखणीत. कातडं तबला दुरुस्त करणाऱ्यांकडून आणलं. रात्रभर पाण्यात ठेवलं होतं, सकाळी लाटलेल्या ओल्या पापडासारखं मऊ झालं. मग दोघा भावांनी ते तोंडावर पसरलं. दीर दोन्ही हातांनी कडा खाली ओढत होते आणि नवरा काठाच्या खालच्या खोबणीत सुती दोरी करकचून फिरवत होता. एका बाजूला सुरकुती राहिली. ती तशीच वाळली तर तिथे आवाज फाटतो, म्हणून दोरी सोडली, कडा पुन्हा ओल्या केल्या आणि नव्याने ताणलं. जास्तीचं कातडं कापलं नाही. वाळल्यावरच कापायचं, कारण वाळताना ते आखडतं.

सावलीत ठेवलंय, पडवीत. पुतण्याला पडवीत यायची बंदी.

रविवार, ७ डिसेंबर

सासूबाईंची गाणीवही.

त्यांना चर्चच्या पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. पाठ आहे तेवढं म्हणतात, पुढे ओठ हलवतात. तेव्हा भेट ठरली: मोठ्या अक्षरांची वही. कोरे जाड कागद, काळा मार्कर, अंगठ्याच्या नखाएवढं अक्षर. एका उघड्या जोडपानावर एकच कडवं आणि ध्रुवपद, म्हणजे गाता गाता पान उलटावं लागणार नाही. जिथे श्वास घ्यायचा तिथे लाल टिंब. बांधणीला सुतळी, कारण सुतळीची वही मांडीवर सपाट उघडी राहते. पुठ्ठ्यावर त्यांच्याच जुन्या लुगड्याचा काठ चिकटवणार आहे. तो जाऊबाईंनी कपाटातून त्यांच्या नकळत काढून दिला.

वहीत तीन भाषा झाल्या. सासूबाईंचं लहानपण लॅटिन मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये व्हायची तेव्हाचं. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि तिच्यानंतर उपासना लोकभाषेत आली, तोवर त्या विशीत होत्या. त्यामुळे देवदूतांचं ‘ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ’ त्यांना अर्थाआधी सुरानेच येतं. ते मी त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलं. मग मराठी गीतं. त्यात नारायण वामन टिळकांची भजनं आलीच. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर या माणसाने भजन आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. झांज आणि पेटीवर येशूचं नाव घेताना आपण परक्याच्या घरी आलोय असं वाटत नाही, हे ऋण त्यांचं आहे. शेवटी इंग्रजी दोन, नातवंडांसाठी.

बुधवार, १० डिसेंबर

घुमट वाळलं. कडा कापल्या. नवऱ्याने पहिली थाप मारली आणि स्वयंपाकघरातली फोडणी टाकून जाऊबाई बाहेर आल्या. एका हाताची बोटं कातड्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा अरुंद तोंडावर. तळवा झाकला-उघडला की आवाज आत जातो आणि बाहेर येतो. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर लपवलं.

शनिवार, १३ डिसेंबर

हाउजीवर आज लेक आणि मी पूर्ण दुपार बसलो. सगळ्यात जास्त काम यात आहे आणि सगळ्यात जास्त गंमतही.

तिकिटाची रचना आधी समजून घेतली. तीन ओळी, नऊ स्तंभ, एका ओळीत पाच आकडे, तिकिटावर एकूण पंधरा. पहिल्या स्तंभात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. आता सहा तिकिटांचा संच घेतला तर सहा गुणिले पंधरा, नव्वद. म्हणजे नीट मांडणी केली तर १ ते ९० मधला प्रत्येक आकडा सहापैकी एकाच तिकिटावर येतो.

खेळणारे आमच्याकडे बरोबर सहा: सासूबाई, नवरा, मी, जाऊबाई, लेक, नणंद. दीर आकडे पुकारणार, पुतण्या पिशवीतून सोंगटी काढणार आणि आधी घुमटावर थाप देणार. तेव्हा पुकारलेला प्रत्येक आकडा कोणा एकाचाच असणार. लेक पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, ‘मग कोणता आकडा कोणाचा ते आपणच ठरवू. ज्याचा आकडा, त्याच्यावरचं वाक्य!’

हे डोकं तिचं. बारावीच्या गणितात मुलीने आनंद घेतलेला मी प्रथमच पाहिला. एका स्तंभातला आकडा त्याच स्तंभातल्या दुसऱ्याशी बदलता येतो, तेव्हा आधी संच मांडला आणि मग अदलाबदली करत आकडे त्या त्या माणसाकडे नेले.

मराठीला आकड्यांची काही कमी नाही. निम्मं काम भाषेनेच करून ठेवलंय.

५, नवऱ्याचा: ‘पाचवीला पुजलेलं पंक्चर!’ त्याची स्कूटर पावसाळ्यापासून गॅरेजच्या दारातच असते.

१२, जाऊबाईंचा: ‘बाराच्या भावात गेलेला शालू!’ भांडीवालीला जरीची साडी देऊन त्यांनी एक डबा घेतला. तो डबा अजून घरात मानाने मिरवतो.

१८, लेकीचा: ‘अठरा पूर्ण, मतदार यादीत नाव, अंथरुणाची घडी अजून आईकडे!’ हे तिने स्वतः लिहिलं.

३६, सासूबाईंचा: ‘छत्तीसचा आकडा, आजी आणि मिक्सर!’ पाटा-वरवंट्याशिवाय वाटण म्हणजे त्यांच्या मते अन्नाचा अपमान.

५२, पुन्हा सासूबाईंचा: ‘बावन्नकशी सोनं!’ याला पुढे काही जोडायचं नाही. दीरांनी नुसतं म्हणायचं आणि थांबायचं.

५६, नणंदेचा: ‘असे छप्पन पाहिले, शेवटी सत्तावन्नाव्याला हो म्हटलं!’

८४, नवऱ्याचा: ‘चौऱ्याऐंशीचा फेरा, उतरायचं वसईला, गर्दीने नेलं विरारला!’

२५ ला विनोद नाही. २५ निघाला की खेळ थांबणार आणि सगळ्यांनी ग्लोरियाची ओळ म्हणायची. गाणं आणि खेळ असे एकमेकांत शिरले की कार्यक्रमाचे तुकडे पडत नाहीत.

तिकिटं देवनागरी आकड्यांत लिहिली. ३६ मधल्या दोन आकड्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली दिसल्याशिवाय त्या वाक्याची मजा येत नाही.

बक्षिसं चिठ्ठ्यांची: ‘एक दिवस भांडी माफ’, ‘एक रविवार कोणी उठवणार नाही’, ‘बाजारात पिशवी दुसरा धरेल’. फुल हाउसला, म्हणजे तिकिटावरचे सगळे आकडे आधी खोडणाऱ्याला, कलकलांची (नाताळच्या गोड खाऊची) बरणी.

गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, आजच तबकात नाचणी पेरली.

रविवार, १४ डिसेंबर

आज आनंदाचा रविवार, गुलाबी मेणबत्ती. दिवस शोभेसा विनोदांची चाळणी करण्यात गेला.

नियम एकच ठेवलाय: ज्याच्यावर वाक्य आहे तो सगळ्यात आधी हसला पाहिजे. पण त्यालाच विचारलं तर गुपित फुटतं. म्हणून प्रत्येक वाक्य त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाला वाचून दाखवायचं. नवऱ्याची वाक्यं दीरांना, जाऊबाईंची पुतण्याला, नणंदेचं छप्पनचं फोनवर तिच्या नवऱ्याला. तो सत्तावन्नावा एवढा हसला की वाक्य तिथेच पास.

६० ला ‘साठी बुद्धी नाठी’ तयारच होतं. काढून टाकलं. घरात ते एकाच माणसाला लागू शकतं, आणि त्या माणसाला विसर पडायला लागल्याची खंत आहे. म्हणीत बसतं म्हणून कोणाला बोचरं बोलायचं नाही. वजन, रंग, पगार, परीक्षेतले मार्क यांवरचं सगळं आधीच बाद. एवढं गाळूनही भरपूर उरलं. घरातली माणसं खरंच मजेशीर असतात, त्यासाठी त्यांना टोचावं लागत नाही.

६० ला आता असं आहे: ‘साठ, आजीची गाणी पाठ!’

बुधवार, १७ डिसेंबर

तालीम. पेटी, गिटार, आणि घुमट गुपित असल्यामुळे पुतण्यासाठी तूर्त रिकामा पत्र्याचा डबा.

शांत रात्रीचं गाणं सहा-आठच्या मापात आहे. पाश्चात्त्य मोजणी सांगत बसण्यापेक्षा दीरांनी त्याला सरळ दादरा शिकवला: धा धी ना, धा ती ना. एक माप, एक आवर्तन. एक कडवं म्हणजे बारा आवर्तनं. पहिल्या ‘धा’ वर जरा वजन, बाकी बोटांच्या टोकांनी. लय वाढू द्यायची नाही, बाळ झोपलंय, असं सांगितल्यावर पोराने डबा मांडीत घेऊन इतका हळू वाजवला की आम्हाला आमचे आवाज खाली आणावे लागले. घोडागाडीच्या गाण्याला केरवा. तिथे मोकाट.

दुबईचा प्रश्न सोडवला. व्हिडिओ कॉलवर आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोन टोकांनी एकत्र गाणं जमत नाही. आम्ही तिच्यासाठी थांबतो, ती आमच्यासाठी, आणि गाणं बुडतं. तेव्हा एकत्र म्हणायचंच नाही. दुसरं कडवं नणंदेचं एकटीचं. मी पेटीवर सा देऊन बोट उचलणार, ती म्हणणार, इथे सगळे गप्प. तिचा शेवटचा शब्द संपला की आम्ही तिसरं उचलायचं. आज करून पाहिलं. तिच्या एकटीच्या आवाजाला जी शांतता मिळाली ती समूहात मिळाली नसती. अडचण होती ती गाण्याची सगळ्यात सुंदर जागा झाली.

तिथलं घड्याळ दीड तास मागे. २५ ला तिला ऑफिस आहे. कार्यक्रम इथल्या साडेआठला, म्हणजे तिच्या सातला.

शनिवार, २० डिसेंबर

कलकल, न्युऱ्या, रव्या-नारळाचा केक. कलकल सगळ्यांनी मिळून वळले: काट्याच्या पाठीवर गोळी दाबायची आणि गुंडाळत सोडायची. सासूबाईंचा वेग आम्हा चौघांपेक्षा जास्त.

तारा झाला. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्याच वापरल्या.

गोठा मांडला. नाचणी बोटभर वर आलीय, तिचं शेत केलं. भाताचा पेंढा शेजारच्या काकांनी दिला. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणून पहिला गोठा उभा केला, तो लोकांनी नुसता पाहायचा म्हणून नव्हे, त्या रात्रीत उभं राहायचं म्हणून. हे मला फार पटतं. पुतण्याने मातीची मेंढरं केली. एक मेंढरू उलट्या बाजूला, दाराकडे तोंड करून ठेवलंय. विचारलं तर म्हणाला, ‘ते राखण करतंय.’ राहू दिलं. बाळ येशूच्या भेटीला येणारे तिन्ही राजे गोठ्यापासून लांब, टीव्हीच्या फळीवर. रोज एक वीत पुढे सरकवायचे, ६ जानेवारीला पोहोचतील.

रिक्षेची कडवी आली. एकात मीटर पळतो, दुसऱ्यात सांताक्लॉजला सुटे पैसे मागतात. दोन्ही घेतली.

रविवार, २१ डिसेंबर

चौथी मेणबत्ती आणि पूर्ण तालीम. आजची खरी नोंद मात्र ओव्यांची.

२४ च्या संध्याकाळी मिस्सेला निघण्याआधी घरात काहीतरी वाचावं असं ठरलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातला जन्माचा भाग निवडला. हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली मराठी शिकला आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांत येशूची सगळी कथा छापून मोकळा झाला. चारशे वर्षं उलटली तरी आपल्याला ती आपल्या भाषेत ऐकता येते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

वाचायला लेक बसली. शब्द जुने, ती अडखळत होती. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता तीच ओवी जात्यावरच्या चालीत म्हटली. तीन चरण यमक जुळवत जातात आणि चौथा आखूड, तिथे जात्याचा खुंटा जसा हाताशी परत येतो तशी चाल खाली उतरली. शब्दांची अडचण संपली, कारण कुठे थांबायचं ते चालच सांगत होती. लेकीने पुस्तक मिटवून विचारलं, ‘आजी, हे आधी का नाही सांगितलंस?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही वाचत होता ना, मी कशाला मध्ये बोलू?’

तेव्हा २४ चं वाचन रद्द. २४ ला ओव्या गायच्या. एक ओळ लेक वाचणार, सासूबाई ती चालीत घेणार, आम्ही चौथा चरण धरणार.

बुधवार, २४ डिसेंबर

गाणीवही शिवून झाली, काठ चिकटला. घुमट दुपारी उन्हात ठेवलं; खाडीकडच्या दमट हवेने कातडं सैल पडतं. ओव्या सात वाजता. पुढचं नंतर लिहीन, मिस्सेला निघायचंय.

शुक्रवार, २६ डिसेंबर

कालची संध्याकाळ झाली ती अशी.

भेटी आधी. सासूबाईंनी वही मांडीवर उघडली, चष्मा न शोधता पहिली ओळ वाचली आणि पुढची पानं उलटून लाल टिंबं पाहिली. ‘इथे श्वास घ्यायचा?’ असं विचारलं आणि घेतला. मग काठावरून हात फिरवून म्हणाल्या, ‘हे लुगडं मी शोधत होते.’ जाऊबाई आत पळाल्या.

मला लेकीकडून पेटीची खोळ मिळाली, वडिलांच्या जुन्या शर्टांच्या तुकड्यांची. एक खिसा तिने तसाच ठेवलाय, चष्म्यासाठी. दीरांनी जाऊबाईंना पाट्याला चाकं लावून दिलीत, आता तो ओट्याखालून ओढता येतो. पुतण्याने घुमट हातात घेतलं आणि बराच वेळ वाजवलंच नाही. आत तोंड घालून आपलं नाव म्हणत राहिला.

गाणी ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या कडव्याला मी सा देऊन बोट उचललं. नणंद ऑफिसच्या गाडीतून उतरून थेट दारात उभी होती, मागे रस्त्याचा आवाज. तिने म्हटलं. तिसऱ्या कडव्याला सगळ्यात आधी सासूबाईंचा आवाज उठला, वहीकडे बघत, खणखणीत. पांढरी पाच.

हाउजीला जे झालं ते आम्ही लिहिलेल्या वाक्यांच्या पुढचं होतं. पुतण्याची शाळा इंग्रजी माध्यमाची, त्याला देवनागरी १ हा इंग्रजी ९ वाटतो. सोंगट्याही आम्ही हातानेच लिहिलेल्या. त्याने थाप दिली, सोंगटी काढली आणि ओरडला, ‘सत्त्याण्णव!’ हाउजी नव्वदला संपते. दीर क्षणभरही न थांबता म्हणाले, ‘सत्त्याण्णव, खास दुबईहून मागवलेला!’ नणंद फोनवरून, ‘कस्टममध्ये अडकलाय, सोडवा!’ तो १७ होता आणि जाऊबाईंचा निघाला. त्या हक्क सोडेनात, आणि सोडवणूक म्हणून दोन कलकल भरून घेऊनच दीरांनी आकडा दिला.

३६ ला सासूबाई खरंच सगळ्यांच्या आधी हसल्या, आणि वर म्हणाल्या, ‘मिक्सरला विचारा, चूक कोणाची!’ १२ ला जाऊबाई उठून तो डबाच घेऊन आल्या. ५२ ला दीर म्हणाले आणि थांबले. कोणी काही बोललं नाही. पुतण्याने आपणहून हळूच एक थाप दिली.

२५ उशिरा निघाला. ग्लोरिया म्हणताना खिडकीबाहेरून आणखी आवाज आले. शेजारचे काका-काकू जेवून अंगणात बसले होते, त्यांनी ओळ उचलली. त्यांना आत बोलावलं. तिकिटं संपली होती, म्हणून काका पिशवी धरायला आणि काकू बक्षिसाच्या चिठ्ठ्या वाचायला.

फुल हाउस नवऱ्याचं, शेवटचा आकडा ८४. विरारहून परत आला एकदाचा.

रविवार, २८ डिसेंबर

पुढच्या वर्षासाठी.

घुमट पावसाळ्यात पडवीत ठेवू नये. कोरड्या कपड्यात गुंडाळून माळ्यावर, महिन्यातून एकदा ऊन. दोरी सैल वाटली तर कडा ओल्या करून पुन्हा ताणायची. दीरांना माहीत आहे.

सोंगट्यांवर १ ला खाली ठळक शेपूट द्यावं, असं लेक म्हणते. बाकीचे विरोधात.

काका-काकूंनी पुढच्या वर्षी तिकीट मागितलंय. खेळणारे आठ झाले की सहाचा संच पुरत नाही. दोन संच करावे लागतील आणि मग प्रत्येक आकडा दोघांचा होईल. म्हणजे वाक्यं जोड्यांवर लिहायची. लेकीने कागद घेतलाय. तिचा पहिला प्रस्ताव ६३ साठी आहे, कारण त्यात दोन्ही आकडे एकमेकांकडे तोंड करून आहेत: सासूबाई आणि काकू, रोज संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंनी.

नणंदेचा निरोप: पुढच्या वर्षी रजा आत्ताच टाकली आहे, तिला गाण्यात तिसरं कडवंही हवंय.